शोल आर्मची भित्री मुकादम

व्हर्ना कीपिंग रोज सकाळी कामावर आली की आधी मागच्या संडासात जाऊन ओकायची. आम्ही बायका गमबूट चढवत, केसांवर जाळ्या ओढत असायचो आणि पातळ फळ्यांच्या भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. कोणीतरी म्हणायचं, "चला गं, मुकादमबाई आल्या." आणि सगळ्या खिदळायच्या. मीही हसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं त्यात माझी बाजू काही फार मिरवण्यासारखी नाही.

आमचा कारखाना खेकड्यांचा. समुद्रावरचं बर्फ हटलं की होड्या बाहेर पडतात आणि एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत आमच्या शोल आर्म गावच्या धक्क्यावर खेकड्यांचे ढीग येतात. ते फोडायचे, उकडायचे, खाऱ्या पाण्यात गोठवायचे आणि खोक्यांत भरायचे. आसपासच्या चार गावांतली त्र्याण्णव माणसं त्या एका छपराखाली राबायची. गोठवण्यासाठी लागतो अमोनिया. त्याचे जाडजूड पाइप आमच्या डोक्यावरून गेलेले असायचे आणि वर्षानुवर्षं त्यांच्याखाली उभं राहून आम्ही ते पाहायचंच विसरलो होतो. व्हर्ना मात्र विसरली नव्हती. ती सरकत्या पट्ट्यावर काम करतानाही मधूनच वर बघायची.

ती शाळेपासूनच तशी. मी ग्लेनिस, तिच्या मागच्या बाकावर बसायचे. बाईंनी वाचायला उभं केलं की तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे, आणि ते कानापर्यंत चढताना मागून मला स्पष्ट दिसायचे. कुत्रा, गडगडाट, टेलिफोनची घंटा, सगळ्यालाच ती घाबरायची. हिवाळ्यात खाडीवरचं बर्फ आम्ही उड्या मारत ओलांडायचो. ती काठीनं ठोकत ठोकत यायची. "अगं भित्रे भागूबाई, उन्हाळा लागेल तू पोहोचेपर्यंत!" असं आम्ही पलीकडून ओरडायचो. ती ठोकतच राहायची.

आणि आमचा मुकादम होता क्लाइड स्नूक. कारखान्यात येण्याआधी त्यानं स्वतःची होडी वीस वर्षं चालवली होती, म्हणून सगळे त्याला तांडेल म्हणत. आवाज असा की पट्ट्याच्या खडखडाटातही शेवटच्या टोकाला ऐकू जावा. काहीही विचारा, त्याच्या तोंडात उत्तर तयार. "तांडेल, हे यंत्र असा आवाज का करतंय?" "पट्टा ढिला आहे, चालू दे." "तांडेल, वास येतोय." "मग काय गुलाबाचा येईल? काम कर, बाळा." आम्हाला त्याच्याजवळ सुरक्षित वाटायचं. तो बरोबर सांगतोय का, हे तपासायची कुणाला गरज वाटली नाही. इतक्या ठासून बोलणारा माणूस चुकेल कसा?

पुढं तांडेल कारखान्याचा व्यवस्थापक झाला आणि मुकादमाची जागा रिकामी झाली. सगळ्यांना वाटलं, ती माझ्या धाकट्या भावाला, डॅरिलला मिळणार. डॅरिल उंचापुरा, हसरा, तांडेलच्याच तालमीतला. पण युनियनचा नियम असा की जागा आधी सर्वांत जुन्या माणसाला विचारायची. यादीत सर्वांत वर नाव निघालं व्हर्ना कीपिंगचं. सव्वीस हंगाम.

ती नाही म्हणेल याची आम्हाला इतकी खात्री होती, की डॅरिलनं घरी केकसुद्धा सांगून ठेवला होता.

तिनं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी हो म्हणाली. मला संताप आला. जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. "काय गं, तुला चारचौघांत नाव सांगताना फेफरं येतं. मुकादमी कशी करणार?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला नकोच होती, ग्लेनिस. पण मागच्या हंगामात डॅरिलनं लोरेटाचा हात आत असताना पट्टा चालू केला होता. अर्धा क्षण. तिनं हात ओढला म्हणून वाचला. तो हसला, तीही हसली. मला अजून झोपेत तो हात दिसतो. मुकादमीची भीती वाटतेच. पण त्याची जास्त वाटते."

मी म्हणाले, "असल्या भीतीनं कारखाने चालत नाहीत," आणि उठून गेले.

पहिल्या दिवशी ती माशांच्या उलट्या खोक्यावर उभी राहिली. हातात लिहून आणलेला कागद होता. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. मागून कुणीतरी भेदरलेल्या कोंबडीसारखं ओरडलं आणि हशा पिकला. तांडेल बाजूलाच उभा होता. तिला खाली उतरवून तो म्हणाला, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "हे बघ व्हर्ना, तीन गोष्टी. घाबरलीस हे कुणाला दिसू द्यायचं नाही. 'मला माहीत नाही' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आणि ठरवायचं ते जागच्या जागी. चुकलं तरी चालेल, पण ठाम. माणसं ठामपणाच्या मागं जातात."

तिनं ते मनावर घेतलं. पुढचे पंधरा दिवस आमच्यात दुसरीच व्हर्ना वावरली. छाती काढून चालायची, ओरडायची. आवाज चिरका निघायचा, पण ओरडायची. "बोलू नका! हात चालवा! कारणं नकोत!" गंमत अशी की लोक तिला मानायला लागले. "जमतंय की बाईला," असं डॅरिलसुद्धा म्हणाला. सकाळचं ओकणं मात्र थांबलं नव्हतं. आता ते दोनदा व्हायचं.

मग लोरेटाचं प्रकरण झालं. लोरेटा उकडणीच्या हौदाजवळ उभी असायची. खेकड्याच्या वाफेनं काही जणांची छाती धरते, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. तिची आठ दिवसांपासून धरत होती. श्वास घेताना शिट्टी वाजायची. आम्हाला ऐकू यायची. तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही नाही. नवव्या दिवशी ती ओल्या जमिनीवर कोसळली. ओठ निळे पडलेले, डोळे उघडे. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडत, मिटत होती. व्हर्ना तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि नुसतं विचारत राहिली, "सांगितलं का नाहीस? अगं, सांगितलं का नाहीस मला?"

रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली. लोरेटा वाचली. चौथ्या दिवशी दवाखान्यात तिनं व्हर्नाला उत्तर दिलं. "काय सांगायचं? तुझी भीती वाटायची."

हे मला व्हर्नानं कितीतरी वर्षांनी सांगितलं. म्हणाली, "आयुष्यभर मी सगळ्यांना भ्यायले. मला कुणीतरी भ्यायलं हे पहिल्यांदाच झालं, आणि त्यात एक बाई मरत होती."

सोमवारी ती पुन्हा त्या खोक्यावर चढली. मानेवर चट्टे, कागद नाही. इतकं हळू बोलली की आम्हाला पुढं सरकावं लागलं. "मला या कारखान्याची भीती वाटते," ती म्हणाली. "पाइपांची वाटते, पट्ट्याची वाटते. यातलं बरंचसं मला कळत नाही. तुम्हाला प-पण कशाची ना कशाची वाटत असेल. आजपासून रोज सकाळी मी विचारणार. ज्याला वाटते त्यानं सांगायचं. मी लिहून घेईन."

पहिल्या दिवशी उत्तर आलं, "मला माझ्या सासूची वाटते." हशा. तिनं तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिचं पान कोरं राहिलं. तिसऱ्या दिवशी एक पोरगी म्हणाली की जिन्याची तिसरी पायरी हलते. संध्याकाळपर्यंत पायरी दुरुस्त झाली होती. मग हळूहळू लोक बोलायला लागले. पट्ट्याचं झाकण नीट बसत नाही. विजेची तार ओल्यात पडते. मला नीट वाचता येत नाही, ते धुण्याच्या औषधांच्या पिंपांवरचं काय लिहिलंय? ही शेवटची गोष्ट एका पन्नाशीच्या बाप्यानं सगळ्यांसमोर सांगितली. डॅरिल हसला नाही, आणि मी तर पुरती चाट पडले.

यंत्रघर सांभाळणाऱ्या अँब्रोजकडे ती रोज जायची आणि शाळकरी मुलीसारखे प्रश्न विचारायची. अमोनिया सुटला तर काय होतं? वारा कुठून असेल तर तो कुठं जातो? अँब्रोज वैतागायचा. "बाई, चार वेळा सांगितलं!" "पाचव्यांदा सांग ना, माझ्या डोक्यात राहत नाही." त्यानंच तिला सांगितलं की आपण संकटात जमायची जागा ठरवलीय तो गाडीतळ यंत्रघराच्या अगदी पाठीशी आहे, आणि वारा नैर्ऋत्येचा असला तर वायू सरळ तिथंच जाणार. तिनं धक्क्यावरच्या खांबाला जुन्या उशीचा अभ्रा बांधला. वारा कळावा म्हणून. मग तिनं आमच्याकडून एक खेळ करून घेतला. भिंतीवरून पाण्याची एक निळी नळी धक्क्याच्या दारापर्यंत जाते. प्रत्येकानं डोळे मिटून, ओलं फडकं तोंडावर धरून, आपल्या जागेपासून त्या नळीला हात लावत दारापर्यंत जायचं. आठवड्यातून एकदा. आम्ही आंधळी कोशिंबीर खेळावी तसे एकमेकांवर आपटायचो, हसून हसून पोट दुखायचं. तांडेल वरच्या खिडकीतून बघायचा आणि मान हलवायचा. "बालवाडी चालवलीय," म्हणायचा. तो स्वतः कधी खाली आला नाही.

तो दिवस जुलैचा. दुपारचे अडीच. धक्क्याला पाच होड्या लागलेल्या, माल उन्हात, तांडेलच्या डोक्यावर सगळा ताण. गोठवणीजवळच्या पोरीनं हात वर केला. "व्हर्ना, मला आज वेगळाच वास येतोय. नाकात टोचतोय."

थोडा वास रोजच असायचा. व्हर्ना तिथं जाऊन उभी राहिली. मी सात-आठ हातांवर होते. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला. तिनं यंत्रघराला फोन लावला. अँब्रोजनं सांगितलं की दाब वरखाली होतोय, तो बघायला जातोय. तिनं फोन ठेवला आणि पट्ट्याचं लाल बटण दाबलं.

तो खडखडाट थांबला की कान बधिर झाल्यासारखे होतात. त्या शांततेत तांडेल जिन्यावरून धडधडत उतरला. "कुणी थांबवला? का थांबवला?"

"म-मी. सगळ्यांना बाहेर नेतेय. धक्क्याच्या दारानं."

"काय झालंय ते तरी सांग!"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही? पाच होड्या सडतायत आणि तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक नाही म्हणूनच, तांडेल." ती दाराकडे हात करत म्हणाली. "ठाऊक असतं तर थांबले असते."

तो आमच्याकडे वळला. आवाज अगदी शांत, खात्रीचा. "तीस वर्षं हा वास घेतोय. झडप थोडी गळते, अँब्रोज आवळेल. ज्यांना बाईबरोबर फिरायला जायचंय त्यांनी जा. मला हौदातला हा एक घाणा उतरवायला सहा माणसं हवीत."

मी थांबले. आणखी पाच जणी थांबल्या. कुणी बळजबरी केली नाही. एकीकडे लटपटणारी बाई होती, दुसरीकडे खांबासारखा उभा तांडेल, आणि माझे पाय आपोआप खांबाकडे गेले. व्हर्नानं माझ्याकडे पाहिलं. "ग्लेनिस, चल ना गं," एवढंच म्हणाली. मी तोंड फिरवलं. बाकीचे ओळीनं तिच्यामागून निघून गेले, डॅरिलसुद्धा.

दहा मिनिटं झाली असतील. आधी एक आवाज झाला, बोटीची दोरी ताणून तुटावी तसा. मग फुसफुस. मग गोठवणीच्या दारातून पांढरं काहीतरी जमिनीलगत सरपटत आलं, घाई नसल्यासारखं. त्याचा पहिला झोत नाकात गेला आणि वाटलं, कुणी तापलेली सळई घशात घातली.

"गाडीतळ! माझ्यामागं!" तांडेल ओरडला. तोच आवाज, तीच खात्री. आम्ही सहाही जणी त्याच्यामागं धावलो. विचार केलाच नाही. त्यानं मागचं दार ढकललं आणि बाहेरून भिंतच्या भिंत आत आली. पांढरी, थंड, डोळे फोडणारी. तो दारातच थांबला. मी त्याच्या पाठीवर आदळले. "तांडेल, कुठं जायचं? तांडेल!" मी त्याचा दंड हलवला. तो लाकडासारखा झाला होता. तेव्हा मला जी भीती वाटली तिला नाव नाही. वायूची भीती वेगळी. ज्याच्यामागं मी आयुष्यभर चालले त्याला रस्ता माहीत नव्हता, ही भीती वेगळी.

मी माझं ओलं फडकं तोंडावर दाबलं. डोळे मिटले, ते तसेही उघडत नव्हते. दुसऱ्या हातानं भिंत चाचपली. वर. खाली. नळी हाताला लागली. थंड, ओली. मी ओरडले, किंवा ओरडले असं मला वाटलं, "निळी नळी! धरा!" मागून कुणीतरी माझ्या एप्रनचे बंद पकडले. तांडेलचा हात मी माझ्या कमरेच्या पट्ट्यात खोचून दिला. आणि निघालो. एक खिळा येतो, मग वळण, मग पायरी. माझ्या पायांना सगळं माहीत होतं. मधे एक बाई पडली, साखळी ताणली गेली, कुणीतरी तिला उचललं. श्वास घ्यायचा नाही असं ठरवूनही छाती आपोआप ओढत होती आणि प्रत्येक ओढीला आत काहीतरी फाटत होतं. ती नळी संपतच नव्हती. मला खात्री झाली की मी उलटीकडे चाललेय, परत यंत्रघराकडे. हात सोडावा असं मनापासून वाटलं. सोडला नाही एवढंच.

मग तोंडावर वारा लागला.

दाराबाहेर गोड्या पाण्याची नळी धो धो वाहत होती. जाताना व्हर्ना ती चालू करून गेली होती. आम्ही तिच्याखाली डोकी घातली.

ती स्वतः तिथं नव्हती. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, चर्चच्या टेकाडावर होती. तिच्यासकट तिथं पंच्याऐंशी माणसं. तिनं तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा आठ कमी आले होते, आम्ही सात आणि अँब्रोज. तिथलं मला डॅरिलनं सांगितलं. तो माझ्यासाठी आत धावायला निघाला, तेव्हा तिनं त्याच्या पायांना मिठी मारली. तो तिच्या दुप्पट. त्यानं तिला दहा हात फरफटत नेलं, तरी ती सोडेना. रडत म्हणत होती, "तू गेलास तर मला आठांच्या जागी नऊ शोधायचेत, डॅरिल. नको रे. नको." आम्ही धक्क्यावर दिसलो तेव्हा तिनं त्याला सोडलं, आणि तिथंच गवतात ओकली.

कुणी मेलं नाही. अँब्रोज मुखवटा घालून बाहेर पडला, पण उशिरा. सात आठवडे शहरात, सेंट जॉन्सच्या इस्पितळात होता आणि त्याचा आवाज परत आलाच नाही, अजून कुजबुजतोच. तांडेलचा उजवा डोळा गेला. माझी छाती थंडीत आजही शिट्टी वाजवते.

वर्तमानपत्रात आलं, 'निडर मुकादमीण'. व्हर्नाला ते वाचून इतकं लागलं की तिनं संपादकाला पत्र लिहिलं. ते छापलं नाही. मालकांनी शहरातून एक शिक्षक पाठवला, पुढारपण शिकवायला. गुळगुळीत माणूस. फळ्याशी उभा राहून त्यानं विचारलं, "पुढाऱ्याला सर्वांत आधी काय लागतं?" व्हर्नाला बोलतं केलं. तिची मान लाल झाली. "आपल्याला काय कळत नाही ते मोठ्यानं सांगता येणं," ती म्हणाली. तो हसला, "छान," म्हणाला आणि फळ्यावर 'आत्मविश्वास' असं लिहिलं. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवलं.

तांडेल पुढं पत्त्यांच्या बैठकीत सांगायचा की त्या सहा बायकांना त्यानं बाहेर काढलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी व्हर्नाकडे गेले, "तू गप्प कशी बसतेस?" ती टेबलावर पावाचं पीठ मळत होती. "तो दार उघडून उभा राहिला ना, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा विचार कर," ती म्हणाली. "कधी घाबरायची सवय नाही बिचाऱ्याला. एकदम सगळी आली अंगावर. बोलू दे."

मी तिची माफी मागितली नाही. मागायला गेले होते खरं.

तिनं आणखी नऊ हंगाम मुकादमी केली. एकही हंगाम तिला सोपा गेला नाही. गोठवणीजवळून जाताना ती भिंतीला हात लावून जायची. आणि मग तिच्या जागी, या वेळी यादीप्रमाणेच, डॅरिलचं नाव आलं. चाळिशी उलटलेला, खांद्यात वाकलेला माझा भाऊ त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन तिच्या घरी गेला. स्वयंपाकघरात उभा राहिला, टोपी हातात.

"व्हर्ना, मला जमेल असं वाटत नाही. काल यादी लागली तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

तिनं खुर्ची ओढून दिली. "बस. चहा घे."

"ही भीती जाते कधी, ते सांग आधी."

"माझी तर नाही गेली रे," ती म्हणाली, आणि त्याच्या कपात दूध ओतलं.